दारू सोडवायची आहे आणि पैसे मोजके आहेत: सातारा-सांगलीकडच्या घरांसाठी

मी कोरेगावची. साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. महिन्यातून एखादी तरी बाई काउंटरशी येते, पिशवीतून रुमालात बांधलेलं गंठण काढते आणि हळू आवाजात विचारते, "ह्यावर किती मिळतील?" कर्जाच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं. ती "घरखर्च" म्हणते. बऱ्याचदा मला खरं कारण कळतं, कारण माझ्या भावजयीचं गंठण मीच आमच्या संस्थेच्या काट्यावर ठेवलं होतं आणि कारण म्हणून तोच शब्द लिहिला होता.

माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. आल्याच्या हंगामात दिवसाला दोन-दोन खेपा असायच्या, हातात रोख पैसा असायचा. आधी तो रात्री प्यायचा, मग दुपारपासून, आणि शेवटी शेवटी सकाळी दात घासायच्या आधी चपटी लागायची. त्याच्या उपचारावर आम्ही पहिल्यांदा ४५,००० रुपये घातले आणि घरी आल्यावर नवव्या दिवशी तो पिऊन आला. दुसऱ्यांदा पूर्ण वर्षाचा खर्च २१,६०० झाला आणि तो उपचार टिकला. हा फरक कशाने पडला ते नीट सांगते, म्हणजे काउंटरशी येण्याआधी तुम्हाला हिशेब माहीत असेल.

एकदम बंद करू नका

आमच्याकडे श्रावण पाळतात. पिणारी माणसंही त्या महिन्यात बाटलीला हात लावत नाहीत. भावाने भैरोबाला नारळ फोडून श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम बंद केली. आम्हाला इतका आनंद झाला की आईने पुरणपोळी केली. संध्याकाळी त्याचे हात थरथरायला लागले, अंगाला घाम सुटला. दुसऱ्या रात्री तो भिंतीवरून मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्याच. पहाटे भावजयीचा फोन आला, "वन्सं, लवकर या, ह्यांना फिट आलीया, दात बसल्यात." आम्ही १०८ ला फोन केला. ही रुग्णवाहिका फुकट असते.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते सगळ्या घरांना माहीत हवं. रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. ती अचानक थांबली की पहिल्या दिवसात थरथर, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही, ताप चढतो. ही शेवटची अवस्था अंगावर काढली तर माणूस दगावतो. त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या ज्याला प्यावी लागते, ज्याला पूर्वी फिट येऊन गेली आहे, ज्याचं जेवण सुटलं आहे, त्याला घरात कोंडून दारू सोडवू नका. शपथ घालायचीच असेल तर दवाखान्यात नेऊन घाला. माळ घालून कायमची सोडलेली माणसं आमच्या भावकीत आहेत, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण माळेने मन धरून ठेवता येतं, फिट थांबत नाही. त्यासाठी औषध लागतं, आणि ते पाच-सात दिवस हळूहळू कमी करत देतात.

आणखी एक बारीक गोष्ट. गावातला डॉक्टर अशक्तपणा बघून लगेच ग्लुकोजचं सलाइन लावतो. पिणाऱ्या माणसाच्या शरीरात बी-वन जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून "हा रोज पितो, शेवटची अमुक वाजता घेतली" हे लाज न बाळगता आधी सांगा. ते ऐकलं की डॉक्टर आधी बी-वनचं इंजेक्शन देतात.

झोपेच्या किंवा नशेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्यालाही त्या एकदम बंद केल्या तर अशीच फिट येऊ शकते. गांजा सोडताना चिडचिड, झोप न येणं, भूक मरणं हा त्रास होतो, पण जिवाला असा धोका नसतो. अफूच्या जातीची नशा, म्हणजे ब्राउन शुगर किंवा तसल्या गोळ्या-इंजेक्शनं, सोडताना हाल फार होतात. पण खरा धोका त्यानंतर असतो. महिनाभर बंद ठेवून पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. घरच्यांनी हे लक्षात ठेवा.

आमचे ४५,००० कुठे गेले

फिटच्या त्या प्रसंगानंतर आम्ही घाबरलो होतो. कुणीतरी मोबाइलवर एका खासगी केंद्राचा नंबर दिला. त्यांनी सांगितलं, तुम्ही काही करू नका, आमची गाडी येईल. रात्री साडेदहाला चार माणसं आली आणि भावाला उचलून घेऊन गेली. तो माझ्याकडे बघत होता. ती नजर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

महिन्याचे १२,०००, तीन महिने आगाऊ, म्हणजे ३६,०००. प्रवेशाचे ५,०००. गाडीचे ४,०००. गंठणावर काढलेलं हे कर्ज फेडायला १४ महिने लागले आणि वर्षाला १२ टक्क्यांनी ६,३०० रुपये व्याज वेगळं गेलं. पहिले ४५ दिवस भेटू दिलं नाही. भेटलो तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं. सकाळी सगळ्यांकडून फरशी पुसून घेतात, ऐकलं नाही तर खोलीत बंद करतात, असं त्याने हळूच सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञ त्याने एकदाही पाहिला नव्हता. मी पावती मागितली, तर कच्च्या कागदावर आकडा लिहून दिला.

तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनालाही लागू होतो. त्या कायद्याप्रमाणे अशा केंद्राची नोंदणी लागते. सक्तीने डोकं भादरता येत नाही, साखळीने बांधता येत नाही, एकट्याला कोंडून ठेवता येत नाही, मनाविरुद्ध काम करून घेता येत नाही. फोनवर घरच्यांशी बोलण्याचा हक्क रुग्णाला असतो. आणि नुसत्या घरच्यांच्या सहीवर धडधाकट माणसाला उचलून डांबता येत नाही. स्वतःहून दाखल झालेला माणूस स्वतः अर्ज करून बाहेर पडू शकतो. जो अजिबात समजून घेण्याच्या स्थितीत नाही, त्याला दाखल करायला नातलगाचा अर्ज लागतो आणि दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. तेही पहिल्या वेळी ३० दिवसांपर्यंतच. हे तेव्हा माहीत असतं तर त्या रात्री मी दार उघडलं नसतं.

सुरुवात कुठून करायची

एक फोन, आणि नंतर सरकारी दवाखान्याची ओपीडी. बाकी सगळं त्यानंतर.

केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर १४४४६ आहे. मनाच्या आजारांसाठी टेली-मानसचा नंबर १४४१६, तिथे मराठीत आणि रात्री-अपरात्रीही बोलता येतं. पिणाऱ्यानेच फोन करायला हवा असं नाही. मी पहिला फोन पतसंस्थेच्या जिन्यात उभी राहून केला होता. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात जावं, अनुदानावर चालणारं केंद्र कुठे आहे, हे त्यांना विचारा. स्वयंसेवी संस्थांच्या काही व्यसनमुक्ती केंद्रांना केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचं अनुदान मिळतं. "अनुदानित केंद्र" हा शब्दच वापरा, म्हणजे उत्तर नेमकं मिळेल.

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, आपलं सिव्हिल. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. कराडचं कृष्णा हॉस्पिटल आणि सांगलीचं भारती हॉस्पिटल ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. अशा ठिकाणी मानसोपचार विभाग असतो आणि जनरल वॉर्डचा खर्च बाहेरच्या खासगी दवाखान्यापेक्षा कमी पडतो. केसपेपर काढताना "दारू सोडवायची आहे" म्हणायला जीभ रेटत नसेल तर "मानसोपचार विभाग" एवढंच सांगा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतही, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या सरकारी रुग्णालयांत थोडी फी पडते.

दुसऱ्या वेळी भाऊ सरकारी दवाखान्यात आठ दिवस होता. आम्ही बरोबर राहणाऱ्यांचं जेवण, येणं-जाणं आणि बाहेरून आणलेली एक-दोन औषधं मिळून ३,८०० रुपये खर्च आला. वॉर्डात गर्दी होती. शेजारच्या खाटेवर साप चावलेला पोरगा होता. पण भावाला फिट आली नाही, भ्रम झाला नाही, आणि सातव्या दिवशी त्याने स्वतः दाढी केली.

राहण्याचं केंद्र निवडताना

प्रत्येकाला महिनाभर राहायची गरज असतेच असं नाही. ज्याची नोकरी टिकून आहे, घरात लक्ष ठेवणारं कुणी आहे, आणि जो स्वतः यायला तयार आहे, त्याला आठवडाभर दवाखाना आणि नंतर नियमित ओपीडी हे पुरू शकतं. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "ह्याला राहायची गरज आहे का, की येऊन-जाऊन जमेल?" आमच्या पहिल्या वेळी हा प्रश्न विचारायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

राहण्याची गरज असेल तर आपल्याकडे जुन्या, विश्वासाच्या संस्था आहेत. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या परिवर्तन संस्थेचं व्यसनमुक्तीचं काम आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. त्याला पहिली मोठी मदत पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी केली होती. साताऱ्याहून पुणं ११० किलोमीटर, म्हणजे भेटायला जाऊन रात्री घरी परतता येतं. बायकांच्या व्यसनाबद्दल आपल्याकडे कुणी तोंडच उघडत नाही, पण मुक्तांगणचा निशिगंध हा विभाग खास बायकांसाठी आहे. घरातल्या बाईला गरज असेल तर तिला पुरुषांच्या केंद्रात नेऊ नका.

कुठलंही केंद्र असो, पैसे द्यायच्या आधी स्वतः जाऊन बघा. फोनवर भाव ठरवू नका. मानसिक आरोग्य कायद्याखालचा नोंदणी क्रमांक दाखवा म्हणा. चांगल्या ठिकाणी तो भिंतीवर लावलेला असतो. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि रात्री दोनला फिट आली तर कोण असतं, कुठल्या दवाखान्यात नेतात, हे विचारा. दुसऱ्या वेळी दवाखान्यानंतर भावाला महिनाभर केंद्रात ठेवायचं होतं. तिथे मी हा प्रश्न विचारला, तेव्हा तिथल्या बाईंनी मला नर्सची रात्रीची वही उघडून दाखवली आणि तिथेच माझा निर्णय झाला. स्वयंपाकघर आणि संडास बघा. राहणाऱ्या एखाद्या माणसाशी पाच मिनिटं बोलू देता का विचारा. घरच्यांच्या बैठका कधी असतात तेही विचारा. जिथे घरच्यांना आत घेत नाहीत तिथे माझा तरी विश्वास बसणार नाही.

पैशांबद्दल लाजू नका. महिन्याची फी, त्यात औषधं आणि तपासण्या धरल्या आहेत का, मध्येच घरी आणलं तर उरलेले पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या. तीन महिने आगाऊ मागत असतील तर सरळ सांगा की महिन्याचे महिन्याला देऊ. आणि मग विचारा, "उत्पन्नाचा दाखला आणला तर काही सवलत होते का?" आम्ही हा एक प्रश्न विचारला म्हणून महिनाभराचे ७,००० रुपयेच भरावे लागले.

कागद, दाखले, विमा

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात अर्ज करा आणि आजच करा, कारण गरज पडते तेव्हा तो हातात नसतो. रेशनकार्ड आणि आधारच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेवा.

दाखल्याचा आणखी एक उपयोग फार थोड्यांना माहीत आहे. ट्रस्टने चालवलेल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. अशा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक बसतात, पहिल्याच दिवशी त्यांना भेटा. बिल झाल्यावर दाखला दाखवला तर वादावादी होते. मी ती आमच्या एका खातेदाराच्या बाबतीत बघितली आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ती ठराविक उपचारांच्या यादीवर चालते. केंद्रातल्या राहण्याची फी त्यात बसेल असं धरून पैशांची तजवीज करू नका. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे ह्या योजनेच्या मदतनीसाला, नेमकं विचारा की ह्या आजाराचं पॅकेज आहे का. दारूमुळे झालेल्या इतर आजारांसाठीही विचारा. एमआयडीसीत काम करणाऱ्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात होत असते. ते कार्ड घेऊन आधी ईएसआयच्या दवाखान्यात जा.

खासगी आरोग्य विम्यावर मात्र फार भरवसा ठेवू नका. २०१७ च्या कायद्यात मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांसारखाच विमा द्यावा असं लिहिलं आहे. तरीही पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत १२ क्रमांकाच्या कोडखाली मद्यपान, अमली पदार्थ आणि व्यसनाचे उपचार येतात. पॉलिसी काढून ते पान वाचा. आणि क्लेम मिळावा म्हणून डॉक्टरांपासून दारूची गोष्ट लपवू नका. बी-वनचं वर सांगितलंच आहे.

कर्ज काढायचंच झालं तर सोनं पतसंस्थेत किंवा बँकेत ठेवा, सावकाराकडे नको. गरजेपुरतंच काढा. संस्थेची माणूस असूनही मी हे सांगते. पहिल्या वेळी पूर्ण वजनावर जेवढं बसेल तेवढं काढलं होतं, ती चूक होती.

पैसे पुढच्या वर्षासाठी राखा

आमच्या वहीतली मुख्य गोष्ट ही आहे. पहिल्या वेळी सगळा पैसा त्या तीन महिन्यांत संपला. भाऊ घरी आला तेव्हा औषधाला पैसे नव्हते आणि पुढची तारीखही कुणी दिलेली नव्हती. दुसऱ्या वेळी मी आधीच महिन्याला ९०० रुपये बाजूला काढायचे ठरवले: औषधं साडेपाचशेच्या आसपास, उरलेले एसटीला आणि चहा-नाश्त्याला. वर्षाचे १०,८००. दवाखान्याचे ३,८०० आणि केंद्राचे ७,००० धरून २१,६०० होतात. पहिल्या वेळच्या निम्म्याहून कमी.

एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट. आमची आई ७७ वर्षांची. दर महिन्याला भावासोबत ओपीडीला तीच जायची. तिला डॉक्टरांचं अर्धं बोलणं कळायचं नाही, पण तारीख तिने एकदाही चुकवू दिली नाही.

औषधांबद्दल थोडं. दारूची ओढ कमी करणाऱ्या गोळ्या असतात, नाल्ट्रेक्सोन आणि अकाम्प्रोसेट. त्या डॉक्टर लिवर आणि किडनीच्या तपासण्या बघून देतात. डायसल्फिराम वेगळी. ती चालू असताना दारू प्यायली तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम खाली. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. समजून-उमजून घेणाऱ्याला तिचा उपयोग होतो. पण "न कळत दारू सोडवा" अशा जाहिराती वाचून जेवणात काहीतरी कालवणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. त्यांची तडफड मला कळते. तरी हात जोडून सांगते, असं करू नका. त्या पुडीत काय आहे कुणाला ठाऊक नसतं, आणि तीच गोळी असेल तर माणूस ताटावरच कोसळू शकतो. शिवाय कळल्यावर तो तुमच्या हातचं पाणीही पीत नाही.

फुकट मिळणारी आणि सगळ्यात जास्त दिवस पुरणारी मदत म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ आपल्याकडेही आहे. फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. भावाला पहिल्या सभेला जायला लाज वाटत होती. परत आला आणि म्हणाला, "ताई, तिथं माझ्यावानीच एक टेम्पोवाला हाय. नऊ वर्षं झाली त्याला सोडून." ते वाक्य त्याला डॉक्टरांच्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त पुरलं. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात. भावजय तिथे जायला लागल्यावर रात्री त्याच्या खिशांची झडती घेणं थांबलं आणि तिला झोप लागायला लागली.

पाचव्या महिन्यात चुलत भावाच्या लग्नात तो प्यायला. पहिल्या वेळी असं झालं तेव्हा आम्ही आठ दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो आणि त्या आठ दिवसांत तो पूर्ण बुडाला. ह्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्याला एसटीत बसवलं आणि ओपीडीत नेलं. डॉक्टरांनी औषध बदललं, पुढची तारीख महिन्याऐवजी आठवड्यावर आणली. असं घसरणं ह्या आजारात होतं. तारीख जवळ घ्या, उपचार सोडू नका.

मारहाण होत असेल तर मात्र उपचाराची वाट बघत घरात राहू नका. ११२ वर पोलीस, १८१ वर महिला हेल्पलाइन. २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे तक्रार करता येते. आपण सुरक्षित जागी राहूनही त्याचे उपचार चालू ठेवता येतात.

आणि ज्यांच्या पोराच्या खिशात गांजा किंवा पावडर सापडली आहे त्यांच्यासाठी. पोलिसांच्या भीतीने आई-बाप दवाखान्यात येत नाहीत. अमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ कलम आहे. स्वतः सेवन करणारा, थोड्याच प्रमाणात माल सापडलेला माणूस आपणहून उपचाराला तयार झाला तर त्या सेवनासाठी त्याच्यावरच्या खटल्यातून त्याला संरक्षण मिळू शकतं. अट अशी की उपचार मान्यताप्राप्त ठिकाणी आणि पूर्ण घ्यायचे. केस झालेली असेल तर वकिलाला हे कलम नावासकट सांगा. १९३३ हा अमली पदार्थांबद्दलचा नंबरही आहे.

देशभरच्या २०१९ च्या सरकारी पाहणीत आढळलं होतं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळतो. मी तो आकडा वाचला तेव्हा आमच्या गल्लीतली घरं मोजली.

पहिल्या दिवशी जाताना

ओपीडीचे केसपेपर सकाळीच निघतात, म्हणून पहिल्या एसटीने निघा. रिकाम्या पोटी नेऊ नका, भाकरी नाही गेली तरी पेज द्या. एका कागदावर लिहून न्या: किती वर्षं पितो, दिवसाला किती, शेवटची केव्हा घेतली, पूर्वी फिट आली होती का, रक्तदाब-शुगरच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. तिथे गेल्यावर काही आठवत नाही. पिशवीत आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जुने रिपोर्ट, एक टॉवेल, कपड्यांचा एक जोड, कारण त्याच दिवशी दाखल करून घेऊ शकतात. घरातल्या एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी डॉक्टरांपुढे त्याची गाऱ्हाणी मांडायची नाहीत. पाण्याची बाटली घ्या. त्याचे हात थरथरत असतील, तर झाकण तुम्हीच उघडून द्या.